तारखेचा करार

आमच्या ओळखीच्या कितीतरी कामगारांचा वाढदिवस एक जूनला येतो, असे सांगितले तर या सभागृहातील वडीलधारी मंडळी हसतील. कारण त्यांतील पुष्कळांचा स्वतःचा वाढदिवसही त्याच दिवशी येत असेल. यात चमत्कार काही नाही. पूर्वी खेड्यात मूल जन्मले की त्याची आठवण दुष्काळ, पूर, कोणाचे तरी लग्न अशा खुणांवर राहत असे. पुढे शाळेत नाव घालावयाची वेळ आली, की मास्तर मुलाकडे एकवार पाहत, वयाचा अदमास घेत आणि जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहून मोकळे होत. वर्ष अदमासाचे आणि दिवस सोयीचा! तरीही ही तारीख खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. ती एक तडजोड होती, आणि ती सर्वांना ठाऊक असलेली व सर्वांनी मान्य केलेली तडजोड होती. तिच्या आधारावर मनुष्य शाळेतून बाहेर पडे, कारखान्यात लागे, आणि अठ्ठावन्न वर्षे भरली की हार घालून घेऊन घरी जाई.

२००९ च्या जानेवारीत या तडजोडीला तडा गेल्याचे आम्ही पाहिले. ज्या कारखान्यात आम्ही संघटनेचे काम पाहत होतो तेथील एक फिटर हातात कचेरीचा कागद घेऊन आमच्याकडे आला. ‘आपण ६ जानेवारी रोजी वयाची ५८ वर्षे पूर्ण केली असल्यामुळे या महिन्याच्या अखेरीस सेवानिवृत्त होत आहात,’ असा त्यातील मजकूर होता. तो म्हणाला, “भाऊ, आई असती तर तिलाच विचारलं असतं. मी जूनचा की जानेवारीचा?”

आम्ही जुने सेवापुस्तक काढावयास लावले. त्यात निळ्या शाईने स्पष्ट लिहिले होते : १/६/५१. मागल्याच वर्षी कचेरीतील सर्व नोंदी संगणकावर चढविण्यात आल्या होत्या. कारकुनाने पुस्तकात जसे होते तसेच यंत्रात टाकले. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. परंतु त्या यंत्राला अमेरिकेची रीत नेमून दिलेली होती, आणि अमेरिकेत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. यंत्राने एक हा महिना मानला, सहा हा दिवस मानला, आणि एक जूनचा सहा जानेवारी झाला. एका माणसाच्या नोकरीतून पाच महिने कापले गेले; आणि त्याच्यासारखे एक जूनचे आणखीही होते.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. ज्यांची जन्मतारीख १५/८ अशी होती त्यांच्या बाबतीत यंत्र अडले. पंधरावा महिना नसतो, एवढे त्याला कळत होते. म्हणून कारकुनाने तेवढ्या नोंदी शोधून दुरुस्त केल्या आणि आता सर्व ठीक झाले असे समजून तो घरी गेला. ज्यांचा दिवस बारापर्यंतचा होता त्यांच्याविषयी यंत्राने एक अक्षरही तक्रार केली नाही. आम्ही त्या रात्री बसून हिशेब केला. बारा महिन्यांतील पहिले बारा दिवस धरले तर १४४ तारखा होतात. त्यांतील १/१, २/२ अशा बारा तारखा उलट वाचल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस असे आहेत की त्या दिवशी जन्मलेल्या माणसाची तारीख यंत्र मुकाट्याने बदलू शकते. जी चूक ओरडते ती सापडते. जी मुकाट्याने बसते ती माणसाचा पगार खाते.

आमचे शिक्षण शाळेपुरतेच. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि तरुण मित्रांच्या सोबतीने. त्या प्रकरणानंतर आम्ही हा विषय धरला आणि संगणकाला हुकूम देण्याच्या ज्या भाषा आहेत त्या तारीख आणि वेळ कशा लिहितात व कशा वाचतात याचा इतिहास, आमच्या कुवतीप्रमाणे, पाहिला. त्यातील थोडा भाग येथे मांडावयाचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. काळ ही एक गोष्ट, आणि काळाला माणसांनी दिलेले नाव ही दुसरी गोष्ट. काळ निसर्गाचा आहे. तो कोणाच्या परवानगीवाचून पुढे जातो. नाव मात्र कराराचे आहे. ‘एक जून’ हे नाव आपण सर्वांनी मिळून मान्य केले म्हणूनच त्याला अर्थ आहे. संगणक आपल्या पोटात काळ एखाद्या आकड्याच्या रूपाने ठेवतो. तो आकडा माणसाला वाचता येईल अशा रूपात बाहेर लिहिणे हे एक काम. त्याला फॉरमॅटिंग म्हणतात. माणसाने लिहिलेली अक्षरे वाचून त्यांतून आकडा काढणे हे उलट काम. त्याला पार्सिंग म्हणतात. आपण सोयीसाठी पहिल्याला मांडणी आणि दुसऱ्याला वाचन म्हणू. वरवर पाहता हे एकाच रस्त्यावरून जाणे आणि येणे वाटते. वस्तुतः तसे नाही. मांडणी करणाराला दिवस कोणता व महिना कोणता हे ठाऊक असते. वाचणारापुढे केवळ अक्षरे असतात. लिहिणाराच्या मनातला करार कागदावर उतरलेला नसतो.

आता इतिहासाकडे वळू. संगणकाच्या आधी भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे होती. १९२८ साली आय.बी.एम. कंपनीने ऐंशी रकान्यांचे कार्ड काढले आणि पुढे अनेक दशके जगातील पगारपत्रके, विम्याचे हप्ते आणि बँकांची खाती त्या ऐंशी रकान्यांत बसविली जात होती. रकाना म्हणजे जागा आणि जागा म्हणजे पैसा. तेव्हा वर्षाचे चार अंक लिहिण्याऐवजी दोनच लिहावेत, ‘एकोणीसशे’ तर कोणालाही कळते, असा व्यवहार पडला. १९५९ साली कोबोल नावाची, व्यापारी हिशेबासाठी योजलेली भाषा आकारास येऊ लागली. पुढे या भाषेत यंत्राला आजचा दिनांक विचारण्याची सोय झाली तेव्हा यंत्र सहा अंक देई : दोन वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे. कार्डे गेली, रकान्यांची टंचाई गेली, पण सवय राहिली. कारखान्यात एखादा नियम कशासाठी केला होता हे सर्व विसरतात आणि नियम तेवढा उरतो, त्यातलाच हा प्रकार.

या सवयीचे बिल २००० साली चुकवावे लागले. ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळेना. त्याआधीची काही वर्षे जगभर जुन्या आज्ञावल्या उघडून तपासण्याचे काम चालले होते, आणि त्यातील मोठा वाटा भारतातील तरुणांनी उचलला. पुण्यामुंबईची कित्येक मराठी मुले-मुली त्या कामावर प्रथम परदेशी गेली. १ जानेवारी २००० उजाडला आणि फारसे काही कोसळले नाही, तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले की सगळा बाऊ होता. बॉयलरची वेळेवर तपासणी केली आणि तो फुटला नाही, तर तपासणी फुकट गेली असे म्हणण्यासारखेच हे आहे.

परंतु त्या दुरुस्तीतही सर्वत्र चार अंक घातले गेले असे नाही. पुष्कळ ठिकाणी एक आडाखा बसविण्यात आला. युनिक्स नावाच्या व्यवस्थेतून आलेला आणि आज पायथॉनसारख्या लोकप्रिय भाषेतही असलेला आडाखा असा आहे : दोन अंकी वर्ष ६९ ते ९९ असेल तर ते विसाव्या शतकातले, आणि ०० ते ६८ असेल तर एकविसाव्या शतकातले. आडाखा वाईट नाही. पण १९६५ साली जन्मलेल्या कामगाराची तारीख दोन अंकी वर्षाने या भाषेत वाचली तर तो २०६५ साली जन्मणार असे उत्तर येते. ज्याचा जन्मच व्हावयाचा आहे त्याला निवृत्तिवेतन कोण देणार?

ज्या युनिक्सचा उल्लेख वर आला तिची थोडी हकिकत सांगावयास हवी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी ती रचली. तारीख पोटात कशी ठेवावी, या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिले : एक दिवस ठरवावा आणि तेव्हापासून टोले मोजीत राहावे. नोव्हेंबर १९७१ च्या त्यांच्या पहिल्या पुस्तिकेत हे मोजणे १ जानेवारी १९७१ पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागाने होते. पण त्यांच्यापाशी आकड्याला जागा होती बत्तीस द्विमान अंकांची. साठाव्या भागाने मोजले तर ती जागा सुमारे ८२८ दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांत भरून जाते. तेव्हा पुढे मोजणे सेकंदावर आणले आणि प्रारंभ १ जानेवारी १९७० असा पक्का झाला. आज तुमच्या आमच्या खिशातील फोन याच दिवसापासूनचे सेकंद मोजतो आहे.

या मोजणीलाही एक कुंपण आहे. बत्तीस अंकांतील एक अंक अधिक-उणे चिन्हासाठी गेला, तर उरलेली जागा १९ जानेवारी २०३८ रोजी भरते. आपल्या घड्याळाने त्या मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. पहिली पाळी केव्हाच कामाला लागलेली असेल. जी यंत्रे तोपर्यंत जुन्या मापाची राहतील त्यांची गणती पुढच्या सेकंदाला उलटून डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. नव्या यंत्रांत चौसष्ट अंकांची जागा केली आहे. ती सुमारे २९,२०० कोटी वर्षे पुरेल. मात्र भिंतीत, पंपात, लिफ्टमध्ये बसविलेल्या लहान यंत्रांची कोणी मोजदाद ठेवलेली नसते, आणि चिंता त्यांचीच आहे.

सेकंद मोजणे झाले. आता त्यांना नाव देणे. रिची यांनी रचलेल्या सी या भाषेत तारखेचे तुकडे ठेवण्यासाठी एक साचा आहे. त्यात दिवस १ पासून मोजतात, पण महिना ० पासून. जानेवारी म्हणजे शून्य आणि जून म्हणजे पाच. वर्ष १९०० पासून किती झाले ते लिहावयाचे. ज्याने हा साचा केला त्याला तो सोयीचा होता. ज्यांनी तो न वाचता वापरला त्यांची फजिती झाली. २००० साल उजाडताच त्या साच्यातील वर्षाचा आकडा ९९ चा १०० झाला. ज्यांनी आपल्या आज्ञावलीत ‘१९’ ही अक्षरे लिहून त्यापुढे तो आकडा चिकटविला होता, त्यांच्या पडद्यावर त्या दिवशी १९१०० साल अवतरले. करार ‘१९०० मध्ये मिळवा’ असा होता. लोकांनी तो ‘१९ पुढे जोडा’ असा वाचला. तोपर्यंत दोन्ही अर्थांनी एकच उत्तर येत होते, म्हणून कोणाला फरक कळला नाही.

१९८९ साली सी भाषेचे अमेरिकी मानक ठरले. त्यात मांडणीसाठी एक उत्तम सोय होती. टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे एक अक्षर लिहावयाचे : डी लिहिले की दिवस, मोठा वाय लिहिला की चार अंकी वर्ष, लहान वाय लिहिला की दोन अंकी. अशा खुणांचा नमुना दिला की यंत्र त्या नमुन्यात तारीख मांडून देते. ही खुणांची पद्धत पुढे कित्येक भाषांनी उचलली. पण गंमत पाहा : मांडणीची सोय मानकात आली, वाचनाची आली नाही. वाचनाचे जोडीदार काम युनिक्सच्या निराळ्या मानकात राहिले. बोलणाराची व्यवस्था आधी आणि ऐकणाराची मागाहून, ही रीत केवळ सभांतच असते असे नाही.

पुढे १९९५-९६ च्या सुमारास जावा आली. तिनेही सीचा साचा घेतला : महिना शून्यापासून, वर्ष १९०० पासून. त्याच सुमारास, १९९५ च्या मे महिन्यात, ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीसाठी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. आणि वरून हुकूम होता की ती जावासारखी दिसावी. तेव्हा तारखेचे खाते त्यांनी जावाकडून जसेच्या तसे घेतले. जावाने १९९७ मध्येच आपल्या त्या जुन्या खात्यातील बहुतेक भाग ‘यापुढे वापरू नये’ म्हणून जाहीर केला. जावास्क्रिप्टमध्ये मात्र जून अजून पाचच आहे.

जावाच्या वाचन करणाऱ्या साधनाचा आणखी एक स्वभाव होता : सढळपणा. त्याला ‘३१ जून’ दिला तर तो नकार देत नसे. जूनचे तीस दिवस धरून वरचा एक दिवस पुढे ढकली आणि ‘१ जुलै’ असे उत्तर देई. कडक वागावे असे मुद्दाम सांगितले तरच तो अडे. आम्हाला येथे आमच्या कारखान्यातील जुना टाइमकीपर आठवतो. तो हजेरीपटावर शंका आली की पेन्सिलने गोल करी आणि माणसाला बोलावून विचारी. सढळ यंत्र विचारीत नाही. ते परस्पर सोय लावते. कामगाराच्या नोंदीच्या बाबतीत परस्पर सोय लावणारा मनुष्य असो वा यंत्र, त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

लहान-मोठ्या अक्षराचा घोटाळा तर जावात आजही घडतो. तेथे लहान वाय म्हणजे आपले नेहमीचे वर्ष, आणि मोठा वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशेबाने धरलेले वर्ष. डिसेंबरचे शेवटचे दिवस पुढल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पडत असतील तर मोठा वाय त्यांना पुढल्या वर्षात टाकतो. म्हणून चुकीच्या अक्षराने लिहिलेल्या आज्ञावलीतून ३१ डिसेंबर २०१९ ही तारीख ३१ डिसेंबर २०२० अशी छापून येते. वर्षभर सर्व सुरळीत, आणि चूक दिसते ती ऐन वर्षअखेरीस.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या गो या भाषेने खुणांची अक्षरेच टाकून दिली. तेथे एक ठराविक तारीख तुम्हाला हवी तशी लिहून दाखवावयाची, म्हणजे यंत्र त्या वळणावर बाकीच्या तारखा लिहिते. ती तारीख आहे २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटे ५ सेकंद. अमेरिकी क्रमाने महिना १, दिवस २, तास ३, मिनिट ४, सेकंद ५, वर्ष ६, आणि ग्रिनिचपासूनचे अंतर ७. अर्ज कसा भरावा हे भिंतीवर नमुना लावून दाखवावे, तशी ही युक्ती आहे. पण या नमुन्याच्या मुळाशीही महिना आधी, ही अमेरिकी सवयच आहे.

आतापर्यंत आपण तारखेविषयी बोललो. वेळेची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात मुंबईचा कामगार प्रत्यक्ष येतो. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची एक प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ होती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. म्हणजे घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरकले. बंगल्यात राहणाराला याचे काही वाटले नसेल. पण ज्याला भोंग्यावर हजर व्हावयाचे त्याला तेवढी मिनिटे अंधारात आधी उठावयाचे होते. त्याच जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी या घड्याळाविरुद्ध काम बंद पाडले, गिरणीवर दगड पडले, आणि शहरातील हजारो नागरिकांनी अर्जांवर सह्या केल्या. शहरात पुढे कित्येक वर्षे दोन वेळा नांदत होत्या. मुंबईची वेळ पुरती गेली ती स्वातंत्र्यानंतरच. घड्याळ हा करार आहे, आणि तो एका बाजूने परस्पर बदलला तर दुसरी बाजू उठते, हे त्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी दाखवून दिले.

आजच्या भाषा निरनिराळ्या देशांची घड्याळे कोठून ओळखतात? १९८६ च्या सुमारास अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी एक तक्ता सुरू केला : कोणत्या प्रदेशात, कोणत्या दिवसापासून, घड्याळ ग्रिनिचच्या किती पुढे वा मागे होते. स्वयंसेवक तो तक्ता आजही सांभाळतात आणि जवळजवळ सर्व भाषा त्याचा आधार घेतात. सामोआ देशाने ३० डिसेंबर २०११ हा दिवस गाळला, हे त्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली घड्याळे तासभर पुढे होती, हेही आहे. परंतु भारतासाठी त्यात एकच नोंद आहे आणि ती कलकत्त्याच्या नावाची. १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे निराळी चालली तेवढ्यांनाच निराळी नोंद द्यावयाची, असा त्या तक्त्याचा नियम आहे. म्हणून ज्या ३९ मिनिटांसाठी गिरणीवर दगड पडले ती मिनिटे यंत्राला ठाऊक नाहीत. १९२० सालची मुंबईच्या वेळेने लिहिलेली एखादी नोंद यंत्राला वाचावयास दिली, तर ते बेधडक साडेपाच तासांचा हिशेब लावील. तक्ता करणारांना आम्ही दोष देत नाही; त्यांनी आपला नियम उघड लिहून ठेवला आहे. पण जे तक्त्यात नाही ते घडलेच नाही, असे मात्र आपण समजू नये.

या घड्याळांच्या फरकातून एक जूनवाल्यांना पुन्हा एकदा पीडा होते. जन्मतारीख ही वस्तुतः केवळ तारीख आहे. तिला तास-मिनिटे नाहीत. पण कित्येक भाषांत केवळ तारीख ठेवावयास जागाच नव्हती. तेथे एक जून म्हणजे ‘एक जूनची मध्यरात्र’ असे धरले जाई. आपली मध्यरात्र होते तेव्हा ग्रिनिचला आदल्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ती वेळ ग्रिनिचच्या हिशेबाने साठविली आणि पुढे कोणी तास कापून नुसती तारीख उचलली, की एक जूनचा एकतीस मे होतो. जावास्क्रिप्टमध्ये हा अपघात नित्याचा आहे. एक दिवस गेला तर काय मोठे, असे कोणी म्हणेल. ज्या नियमात ‘महिन्याच्या अखेरीस’ असे शब्द असतात तेथे एका दिवसाने एक महिना जातो.

या सर्व अनुभवांतून शहाणपण आले नाही असे नाही. १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ८६०१ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले : आधी चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस, वेळ दिली तर ती कोणत्या घड्याळाची हेही शेजारी लिहिण्याची सोय. हा क्रम मोठ्याकडून लहानाकडे जातो, त्यामुळे अशा तारखा अक्षरांप्रमाणे लावल्या तरी आपोआप कालक्रमाने लागतात. आणि मुख्य म्हणजे हा क्रम ना अमेरिकेचा, ना इंग्लंडचा. दोघांच्या भांडणात तिसरा पंच निवडावा, तसा हा तोडगा आहे. २०१४ साली जावाने स्टीफन कोलबोर्न यांच्या पुढाकाराने तारखेचे सर्व खाते नव्याने बांधले. त्यात नुसती तारीख निराळी, नुसती वेळ निराळी, काळातला क्षण निराळा आणि प्रदेशासह वेळ निराळी, अशी चार दालने केली. जून तेथे पुन्हा सहावा झाला. जन्मतारखेला प्रथमच मध्यरात्रीचा आधार घ्यावा लागला नाही.

आपल्या भाषेचीही सोय झाली आहे. यंत्राला मराठी रीतीने तारीख मांडावयास सांगितले तर ते देवनागरी अंक आणि आपल्या महिन्यांची नावे बरोबर लिहिते. वाचनाचे मात्र अजून समान नाही : देवनागरी अंक पायथॉनला संख्या म्हणून वाचता येतात, जावास्क्रिप्टला येत नाहीत. पुन्हा तेच, बोलणे आधी, ऐकणे मागाहून.

आता त्या फिटरची गोष्ट पुरी करू. जानेवारीअखेर त्याला घरी पाठविण्यात आले होते. आम्ही शाळा सोडल्याचा दाखला आणि जुने सेवापुस्तक पुढे ठेवले. कचेरीतील अधिकारी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आमच्या रेकॉर्डला सहा जानेवारीच आहे.” आम्ही म्हटले, “साहेब, रेकॉर्ड हे आहे. ते त्याचे वाचन आहे.” हे वाक्य त्यांना पटावयास पावसाळा उजाडला. ज्यांची तारीख अजून आली नव्हती त्यांच्या नोंदी सुधारल्या गेल्या. त्या फिटरला फरकाची रक्कम मिळाली. पण जून तोपर्यंत निघून गेला होता, आणि ज्या यंत्रावर त्याने आयुष्य काढले त्याच्यापुढे उभे राहून शेवटचे पाच महिने काम करावयाचे राहिले ते राहिलेच.

पुढल्या वेतनकरारात आम्ही एक छोटे कलम घालून घेतले : कामगाराची जन्मतारीख नोंदविताना वर्ष चार अंकी, महिना अक्षरांत आणि दिवस अंकात लिहावा, आणि यंत्रात चढविलेली तारीख कामगाराला वाचून दाखवून त्याची सही घ्यावी. समोरची मंडळी हसली. वेतनवाढ, बोनस, रजा यांच्या रांगेत हे कलम पोरकट दिसत होते. आम्हाला मात्र ते त्या करारातले सर्वांत जुने कलम वाटते. दोन पक्षांनी एका शब्दाचा एकच अर्थ धरावा आणि तो उघड लिहून ठेवावा, यावरच बाकीची सारी कलमे उभी असतात.

म्हणून आपणा सर्वांना एवढेच सुचवावयाचे आहे. घरी गेल्यावर आपली, आपल्या आईवडिलांची, मुलाबाळांची कागदपत्रे एकदा काढून पाहा. जेथे जेथे तारीख यंत्राने छापलेली आहे तेथे ती मोठ्याने वाचा, महिन्याचे नाव घेऊन वाचा. एक जून असेल तर विशेष काळजीने वाचा.